सुटण्याची नोंद

मोजा

“बाई, ह्यावर तुमचं नाव हाय.”

नववीच्या मुलींचा घोळका एका कप्प्यापुढे अडला होता. आमच्या तालुक्याचं खेळघर उघडून आठवडाही झाला नव्हता. पेणच्या जुन्या भातगिरणीच्या जागी काचेची इमारत, आत शिरताच भिंतभर अक्षरं: ‘कौशल्य ही राष्ट्राची संपत्ती आहे.’ त्याखाली मल्लखांबापासून विटीदांडूपर्यंत सगळ्या खेळांचे कप्पे आणि कप्प्यांत हातमोजे. मोजा चढवायचा आणि देशातल्या उत्तम खेळाडूचा हात आपल्या हाताला जाणवून घ्यायचा. फुकट. सरकारी करमणूक.

मी वाचलं. कबड्डी. साखळी, डावी बाजू. मनस्वी घरत – जुई भोईर, रायगड.

“तुम्ही एवढ्या मोठ्या? कधी बोलल्या नाय.”

“कवायतीला वेळेवर या, मग बोलते.”

“आणि ही जुई भोईर? टीव्हीवरची?”

“तीच गो.”

“ती तुमची मैत्रीण?”

“हो,” मी म्हणाले. तेव्हा ते खरं होतं. अजून थोडा वेळ खरं राहणार होतं.

मी उजव्या हातात मोजा चढवला. आम्ही खेळायचो तेव्हा मी डाव्या कोपऱ्यात असायचे आणि जुई माझ्या शेजारी. माझा उजवा हात, तिचा डावा. चढाईला आलेल्या खेळाडूवर दोघींनी हात न सोडता एकदम जायचं, ती साखळी. दोघी गेल्या तर भिंत होते. एकटी गेली तर ती मार खाते.

मोज्यात जुईचा हात आला. मधल्या बोटाच्या मुळाशी असलेला तिचा घट्टा मला जाणवला. अंगठा एकदा दाबला गेला. आमच्यात याचा अर्थ ‘थांब’. मग दोनदा. ‘चल.’ मला हसू आलं, आणि मुली बघतायत म्हणून मी तोंड फिरवलं.

कप्प्यावर दोन बटणं होती. ‘साखळी धरते’ आणि ‘साखळी तुटते’. दुसरं चढाईच्या सरावासाठी असणार. आमची साखळी तुटली होती एकदाच, त्यामुळे ही नोंद कुठल्या सामन्याची ते मला माहीत होतं. तरी मी ते बटण दाबलं.

जुई आठ वर्षं सांगत आली होती, घाम होता गो, हात सुटला.

घामाने सुटणारा हात आधी आवळतो. दोर निसटताना माणूस मूठ घट्ट करतो, तसाच. कबड्डी खेळलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. मोज्यातला हात आवळला नाही. तो आधी सैल झाला. झोपलेल्या माणसाच्या मानेखालून आपला हात काढून घ्यावा, त्याला जाग येऊ नये म्हणून, तसा तो निघून गेला.

मी पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा.

“बाई, आमची पाळी कधी?”

शास्त्र

पुन्हा सुरुवात करते, शास्त्रापासून. शास्त्राने मला फसवलं नाही.

मूठ आवळून धरा आणि तिच्याकडे नीट बघा. ती स्थिर नसते. ताणलेला प्रत्येक स्नायू बारीक थरथरत असतो, सेकंदाला दहाएक वेळा. ही थरथर मेंदू आणि मज्जारज्जू मिळून ठरवतात, आणि ती आवाजासारखी प्रत्येकाची वेगळी असते. शोध असा लागला की दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचा हात धरून एकच काम करत राहिली, की त्यांची थरथर एका लयीत येते. त्याला सहकंप म्हणतात. सहकंप जुळला की शरीर दुसऱ्याचा हात आपलाच अवयव मानायला लागतं.

दुसरी गोष्ट. आपण हालचाल करायचं ठरवतो आणि प्रत्यक्ष हलतो, यांच्यामध्ये पापणी लवायला लागतो तेवढा वेळ जातो. तेवढ्यात थरथर बदललेली असते. म्हणजे जोडीदारीण काय करणार आहे, हे तिचा हात तिच्याआधी सांगतो. आम्ही त्याला ‘अंदाज’ म्हणायचो.

कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ फिल्म तळहाताला चिकटवली की थरथर, दाब, ताण, सगळं नोंदलं जातं. तीच नोंद उलटी सोडली की ती दुसऱ्या कुणाच्याही तळहातावर उमटते. मोज्याच्या आत तीच फिल्म शिवलेली असते.

बस, शास्त्र एवढंच. बाकीचं माणसांनी केलं.

परिच्छेद सात

*‘खेळाडू निवृत्त होतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचे कौशल्यही निवृत्त होते. हे राष्ट्राला परवडणारे नाही. सबब, देशातील निवडक जोड्यांची संपूर्ण नोंद करून ती क्रीडा व मनोरंजन या दोन्ही प्रयोजनांसाठी जनतेस खुली करण्यात यावी.’*

हे राष्ट्रीय क्रीडा व मनोरंजन विकास आराखड्यातलं. आम्ही त्याला नुसता आराखडा म्हणायचो. तो आमच्या गावात आला तो नोंदी घेणाऱ्या डॉ. मुक्ता सबनीस यांच्या रूपाने. मैदानाच्या कडेला आल्यावर सबनीस मॅडमनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मातीला हात लावून मग आत आल्या. आमच्या सरांनी जुईकडे आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला तो तिथेच.

आमची एक सवय होती. सामन्याआधी आम्ही दोघी कोपऱ्यातल्या एकाच जागेवर तळहात घासायचो. एकच माती दोघींच्या हाताला. मॅटवर खेळायला लागलो तेव्हा जुई त्या जागेची माती कुंकवाच्या डबीत घेऊन यायची.

“माती पुसून घ्या हं मुलींनो,” फिल्म लावताना सबनीस मॅडम म्हणाल्या. “फिल्मला चालत नाही.”

आम्ही पुसली.

“आणि निवड झाली तर आम्ही दोघी बरोबरच जाऊ ना?” मी विचारलं होतं.

“अगं, जोडीचीच तर नोंद आहे. जोडी फोडून कसं चालेल?”

दम

निवड सामन्यातली शेवटची चढाई, समोरून एक उंच पोरगी कबड्डी कबड्डी म्हणत आत येते, माझ्या उजव्या हातात जुईचा डावा, दोघींच्या तळव्यांवर फिल्म, पोरगी बोनस रेषेवर पाय टाकते आणि मागे घेते, जुईचा अंगठा एकदा दाबतो, थांब, सर बाहेरून काहीतरी ओरडतायत, पोरगी पुन्हा आत, कबड्डी कबड्डी, अंगठा दोनदा, चल, आणि मी निघते, जुई आहे का हे मी वळून बघत नाही, कधीच बघितलं नाही, चालताना दुसरा पाय आलाय का हे कोण बघतं, पोरगी वळते, मी तिच्या कमरेवर जाते, आता जुईचं वजन माझ्या वजनाला मिळणार, आता, आत्ता, आणि माझ्या हातात

नंतर

गुडघ्यातला दोर तुटला, असं डॉक्टर म्हणाले.

जुई दवाखान्यात माझ्या पलंगाशी बसून रडली. घाम होता गो. तिला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा मीच तिला ढकललं. “एकीने तरी जा.” ती गेली, देशासाठी खेळली. शेजारी कुठली तरी नवी मुलगी असायची आणि त्या मुलीच्या हातमोज्यात माझी नोंद, जुईला माझाच हात धरल्यासारखं वाटावं म्हणून. मला याचं काही वाटत नसे. माझा हात तरी जातोय, असं मी म्हणायचे. प्रत्येक विजयानंतर जुई डावा हात वर करायची. लोकांना वाटायचं ती तिची लकब आहे. मला वाटायचं ते माझ्यासाठी आहे. टीव्हीपुढे मी माझा उजवा वर करायचे. आई म्हणायची, काय येडी गो तू.

मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले. हंगामी. दर जूनमध्ये नवं नेमणूकपत्र.

खेळघरातून आले त्या दिवशी मी जुईला फोन केला नाही. दोन दिवसांनी फोन आला तो सबनीस मॅडमचा.

“मनस्वी, नवी फिल्म आली आहे, दसपट बारीक नोंदते. तुमच्या जोडीची नोंद पुन्हा करायची, इकडे आमच्या केंद्रात. जुई येते आहे. तुला पळायचं नाही, नुसता पवित्रा घ्यायचा. आणि तुमच्या खेळघराला मुख्य प्रशिक्षक हवी आहे. कायमची जागा. नोंद झाली की तुझंच नाव जाईल.”

मला ती जागा हवी होती. खेळघरात खरी मॅट होती, पण प्रशिक्षक नाही म्हणून ती बंद होती. मुली मोजे घालून रांगेत उभ्या राहायच्या, प्रत्येकीच्या हातात दुसऱ्याच कुणाचा हात, शेजारणीचा नाही. मला ते मोजे काढून त्यांना एकमेकींचे हात धरायला लावायचे होते.

“येते,” मी म्हणाले.

गाडी

जुई मला न्यायला पेणला आली. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे खोपोलीच्या घाटातही तिला रस्त्याकडे बघण्याचं निमित्त नव्हतं.

“बारीक झालीस,” ती म्हणाली.

“तू जाड झालीस.”

“खेळ सुटला ना गो. डबी आणलीय बघ.” तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली. “कोपऱ्यातली माती. गुपचूप लावू, मॅडमना कळणार नाय.”

मी डबी घेतली नाही.

“खेळघरात तुझा हात धरला मी,” मी म्हणाले.

“कसा वाटला?”

“सैल.”

ती डबीचं झाकण उघडत होती. ते तसंच अर्धवट राहिलं.

“आठ वर्षं तू घाम घाम करत आलीस, जुई. घामाने सुटणारा हात आधी आवळतो.”

बोगदा आला आणि गेला.

“तुला सगळं माहीत असेल असं वाटायचं मला,” ती म्हणाली. “वाटायचं तू मोठ्या मनाने गप्प आहेस.”

“काय माहीत असेल?”

“त्या दिवशी जेवायच्या वेळी सबनीस मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, शिबिरात जोडीतली एकच जाणार. दुसरीची नुसती नोंद ठेवणार. आणि मनस्वीने एकटीने जायचं कबूल केलंय.”

“मी?”

“तू.”

“त्यांनी काही दाखवलं तुला? माझं बोलणं, काही?”

“नाय. नुसतं सांगितलं.”

“आणि तू मानलंस.”

“त्या चपला काढून मैदानात आलेल्या गो.”

“मी शेजारी बसून वरणभात खात होते, जुई. एका हाताच्या अंतरावर. विचारायचंस.”

“विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?” ती म्हणाली. “मला तुझ्या तोंडून नको होतं ते. म्हटलं ही सोडणारच आहे, तर मी आधी सोडते. गुडघा जाईल असं आलं नाय मनात. आईशप्पथ.”

“गुडघ्याचं नाही विचारत मी.”

“मग?”

“तू दोनदा अंगठा दाबलास. चल म्हणालीस. आणि मग सोडलास.”

डबीतली माती तिच्या पांढऱ्या सलवारीवर सांडली होती. ती झटकत राहिली, आणि ती अजूनच पसरत गेली.

केंद्र

सबनीस मॅडमचे केस पांढरे झाले होते. बाकी तसंच. मॅटच्या कडेला त्यांनी चपला काढल्या.

मी विचारलं. सरळच विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या चाचरतील. “सगळ्या जोड्यांना तेच सांगितलं होतं, देशभरात. जोडीतल्या एकीला. धरण्याच्या नोंदी आमच्याकडे ढिगाने होत्या, मनस्वी, सुटण्याची एकही नव्हती. चढाईपटूला साखळी फोडायला शिकवायचं तर साखळी आतून कशी तुटते हे माहीत हवं. आणि ते नाटकाने येत नाही. सोडण्याआधीची ती थरथर खरी असावी लागते.”

“एकीला म्हणजे कुणाला? चिठ्ठी टाकलीत?”

“नाही नाही. सहकंपात एक हात पुढे असतो आणि दुसरा केसभर मागे. मागून येणाऱ्या हाताला आपण सुटून जाऊ ही भीती जास्त असते. त्याला सांगितलं.”

जुई जमिनीकडे बघत होती.

“सगळ्यांनी सोडले?” मी विचारलं.

“बहुतेकांनी.”

“ज्यांनी नाही सोडले?”

“त्यांचा आम्हाला उपयोग झाला नाही.” मग त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. “दुखापत आराखड्यात नव्हती. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण आज तुझ्या गावातल्या मुली तुझा हात धरतायत, हे तरी बघ.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. या बाईशी कसं भांडायचं ते मला कळेना.

“नोंद करायची ना?” मी म्हणाले.

मी का थांबले? जागेसाठी. आणि आणखी एका गोष्टीसाठी. मला बघायचं होतं की माझा हात आता तिला ओळखत नाही. मी माझ्या थरथरीची वेगळी राहिलेली रेषा बघायला थांबले होते. पडद्यावर सगळ्यांसमोर ती यावी आणि जुईनेही ती बघावी.

तळहात पुसले, फिल्म लावली, सूचना ऐकायला कानात एकेक बटण बसवलं. समोर चढाईचं यंत्र, माणसाच्या उंचीचं, रबरी. भिंतीवर पडदा, त्यावर दोन रेषा. तांबडी माझी, निळी तिची. दोन्ही आपापल्या चालीने थरथरत होत्या. एकमेकींशी काही संबंध नाही.

“हात धरा.”

धरला.

घट्टा तिथेच होता. माझ्या बोटांनी आपापली जागा शोधली, मला न विचारता. तांबडी रेषा एकदा अडखळली, निळी तिच्याजवळ आली, आणि दोघी एकावर एक बसल्या, अशा की एकच जांभळी रेषा दिसायला लागली.

नोंदीच्या यंत्रावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली.

“आठ वर्षांनी!” सबनीस मॅडम म्हणाल्या. “जराही फरक नाही.”

जुई रडत होती. तिला वाटलं असावं मी माफ केलं. मी काहीही केलं नव्हतं. तिने मला फसवलं, आराखड्याने फसवलं, आता माझा हातही त्यांना जाऊन मिळाला होता.

पहिली चढाई झाली. यंत्र आत आलं, अंगठा एकदा, अंगठा दोनदा, आम्ही एक पाऊल टाकलं. जांभळी रेषा. दुसरी चढाई. जांभळी रेषा.

मग माझ्या कानातल्या बटणातून सबनीस मॅडमचा आवाज आला, हळू, मायेचा. तो फक्त मला ऐकू येत होता.

“आता सुटण्याची नोंद. या वेळी तू सोड. जुईला सांगितलेलं नाही. तुझ्या मनात राग आहे, तो वापर. नोंद उत्तम येईल.”

यंत्र निघालं.

जुईने अंगठा एकदा दाबला. थांब.

मी तिच्याकडे वळून बघितलं. खेळताना मी हे कधीच केलं नव्हतं. तीही बघत होती. तिच्या हाताला कळलं असणार, पापणी लवायच्या आत कळतं. तिने आवळला नाही, आणि काढूनही घेतला नाही. अंगठा दोनदा दाबला. चल.

“जुई,” मी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मी हात सोडतेय.”

आणि सोडला.

यंत्र आमच्या दोघींच्या मधून रिकामंच निघून गेलं आणि भिंतीपाशी जाऊन थांबलं.

“असं नाही गं,” सबनीस मॅडम आता कानातून नाही, मॅटच्या कडेवरून बोलल्या. “सांगून सोडलास तर त्यात काही राहत नाही. पुन्हा घेऊ.”

“सोडायचा असेल तर असा सोडतात, मॅडम. मला दुसरा येत नाही.”

“जागेचं काय मग?”

मी कानातलं बटण काढून मॅटवर ठेवलं. ते त्यांना कळलं. मॅट ओलांडून मी निघाले, लंगडत. जुई जागची हलली नव्हती. तिचा डावा हात अजून तसाच पुढे होता.

“थांबा!” नोंदीच्या यंत्रावरचा माणूस ओरडला. “मॅडम, पडदा बघा.”

मी बघितलं. आमच्या मध्ये अर्धी मॅट होती. हात सुटलेले होते. आणि पडद्यावर अजून एकच जांभळी रेषा थरथरत होती.

सबनीस मॅडम अनवाणी माझ्याकडे धावत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखा आनंद होता. “हलू नकोस. मनस्वी, प्लीज. हे नवीन आहे. असं कधीच नोंदलं गेलेलं नाही, हात नसताना सहकंप. जागा, पैसे, जे म्हणशील ते देते. नुसती उभी राहा.”

मी नखाने फिल्मची कड उचलली आणि ती तळहातावरून सोलून काढली.

पडद्यावरची तांबडी थांबली. निळी एकटी थरथरत राहिली.

माझा हात थांबला नव्हता. पण ते आता फक्त मला माहीत होतं.